पंप तोच, औषध तेच, तरी अर्धं वावर सुटते: फवारणी पंपाचं माप अन् नोझलची भानगड

पोळा झाला की माझ्या दुकानासमोर पंपांची लाईन लागते. दुकान म्हणजे काय, यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड, त्यात एक टेबल, एक व्हाइस, वॉशरचे डबे अन् भिंतीवर टांगलेले जुने लान्स, म्हणजे फवारायचे दांडे. बॅटरीवाले पंप येतात, हातदांड्याचे येतात, पेट्रोलवाले येतात, अन् बहुतेक माणसं एकच वाक्य घेऊन येतात, "भाऊ, औषधच लागून नाही राहिलं." मंग कोणी म्हणते औषध डुप्लिकेट निघालं, कोणी म्हणते किडीला सवय झाली, कोणी तं दुसरं महागाचं औषध आणून पहिल्यातच मिसळून एक हात मारूनही आलेला असते. अन् पंप हातात घेतला की दिसते काय, नोझलचं भोक खसखशीएवढं होतं ते मोहरीएवढं झालं आहे. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

मी औषधाचा माणूस नाही, पंपाचा आहे, म्हणून कोणत्या अळीला काय मारायचं हे मला विचारू नका. पण औषध बदलायच्या आधी पंप तपासा, अन् तपासायचा तं फुकटात होते तिथून सुरू करा, डायरेक्ट पंप खोलू नका, हे मी दर हंगामात शंभरदा सांगतो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

आधी लक्षणं

वावरात उभं राहून पाहा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, दोन-चार तास (ओळी) मस्त साफ दिसतात अन् बाजूच्या तासांत तुडतुडे तसेच उडून राहिले, पानांच्या कडा लाल पडत चालल्या, म्हणजे पट्टे पडले. किंवा पान वरून ओलंचिंब, पाणी टपकून राहिलं, अन् पान उलटवलं तं खालून कोरडं ठण्ण. तुडतुडे, पांढरी माशी, मावा राहतात पानाच्या खालच्या अंगाला, म्हणजे औषध वरच्या मजल्यावर अन् भाडेकरू खाली.

दुसरं लक्षण हिशोबात दिसते. मागच्या साली त्याच वावरात एकरी १० पंप (एक भरली टाकी म्हणजे एक पंप) लागले अन् यंदा १५ लागून राहिले, किंवा उलटं, ७ पंपातच एकर संपलं अन् गडी खुश. दोन्ही गडबडच आहे. तिसरं, फवारा एका बाजूनं धुक्यासारखा अन् एका बाजूनं धार. ट्रिगर सोडला तरी टप टप थेंब पडतात. पाठीवर शर्ट ओला होते, हे तं लगेच थांबायचं लक्षण आहे, ते खाली सांगतो. बॅटरी पंपात पहिले चार पंप जोरात अन् मंग फवारा मरगळते. तणनाशकात पट्ट्यापट्ट्यानं तण उभं राहते, अन् जिथं दोन पट्टे एकमेकावर चढले तिथं सोयाबीन पिवळं.

अन् एक लक्षण येगळंच, पऱ्हाटीचे नवे पानं भेंडीच्या पानासारखे बोटं-बोटं निघतात. लोकं म्हणतात व्हायरस आला. बहुतेक वेळा तो व्हायरस नसते, ती टू-फोर-डी असते, तणाचं औषध, त्याची कथा शेवटी.

काहीही तपासायच्या आधी

टाकीतलं औषध संपवा, तीनदा साध्या पाण्यानं खळखळून धुवा, ट्रिगर दाबून नळीतलंही पाणी बाहेर काढा. धुतलेलं पाणी विहिरीपाशी, नाल्यात, गुरांच्या हौदापाशी सांडायचं नाही, वावरातच जिथं फवारलं तिथं मारून टाका. मंग साधं पाणी भरायचं. पुढचं सगळं तपासणं साध्या पाण्यावर, हातात रबरी मोजे घालून. धुतलेला पंप म्हणजे साफ पंप असं नाही, गाळणीत, रबरात, नळीच्या आत औषध बसून राहते. आमच्याकडे येणारे अर्धे लोकं उघड्या हातानं नोझल खोलून तोंडानं फुंकर मारतात. हे करू नका बाप्पा. सकाळी ज्या तोंडानं नोझल फुंकता त्याच तोंडानं दुपारी भाकर खाता.

पहिलं, गाळण्या. पैसे शून्य

पंपात तीन जागी जाळी असते. टाकीच्या तोंडाला मोठी गाळणी, ती बहुतेकांनी पाणी लवकर भरलं पाहिजे म्हणून काढून फेकलेली असते. दुसरी ट्रिगरच्या मुठीत, जी आहे हे कित्येकांना माहीतच नाही. तिसरी नोझलच्या मागे बारीकशी. ह्या तिन्ही काढा, मऊ टूथब्रशनं पाण्यात घासा, उजेडाकडे धरून पाहा. जाळी अर्धी बुजली की नोझलला पाणी कमी पोचते, दाब पडते, थेंब मोठे होतात अन् गडी म्हणते पंप म्हातारा झाला. नाल्याचं पाणी डायरेक्ट बादलीनं भरत असाल तं टाकीच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधा, गाळणी असली तरी. पावडरचं औषध डायरेक्ट टाकीत टाकू नका, आधी येगळ्या डब्यात थोड्या पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून मंगच टाकायचं. भुकटीचा गाळ खाली बसते, कुठं पाणी जास्त पडते अन् कुठं औषध, म्हणजे तिथंही पट्टे पडलेच.

नोझलचं भोक बुजलं असलं तं बाभळीचा काटा, सुई, बाईंडिंगचा तार ह्यातलं काहीच खुपसायचं नाही. एकदा काटा घातला की भोक वाकडं झालंच समजा. टूथब्रशचा एखादा केस चालते, नाही तं कोमट पाण्यात भिजत घाला.

दुसरं, वॉशर अन् गळती. चहाच्या पैशात

टाकीचं झाकण, नळीचा क्लिप, ट्रिगर, लान्सचा जोड, नोझलची टोपी, एवढ्या जागा पंप पाठीवर न घेता, ओट्यावर ठेवून चालू करून पाहा. कोरड्या फडक्यानं पुसायचं अन् दोन मिनिट थांबून पुन्हा बोट लावायचं. जिथं ओलं लागलं तिथला वॉशर बदला. वॉशर म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा नव्हे, मी लोकांनी चपलेच्या पट्ट्याचे वॉशर कापलेले पाहिले आहेत. ट्यूबचं रबर औषधानं फुगते अन् दोन दिवसांत पुन्हा तेच.

हे दुसऱ्या नंबरवर ठेवलं कारण गळतीत फवारणीचं नुकसान थोडं अन् माणसाचं जास्त. औषध फक्त नाका-तोंडातून जाते असं नाही, चामडीतून जाते, अन् घामानं ओल्या पाठीतून तं आणखीनच. २०१७ चा खरीप यवतमाळवाल्यांना आठवत असेल, जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, हात वर करून मारायचं म्हणजे सगळं धुकं स्वतःच्याच अंगावर, वरून दोन-तीन औषधं एकत्र. तेव्हापासून माझा एक नियम आहे, पाठीवर गळणारा पंप मी दुरुस्त केल्याशिवाय परत देतच नाही, माणूस कितीही घाईत असो. दोन-तीन जण भांडून गेले, जाऊ द्या.

तिसरं, फवाऱ्याचा नकाशा पाहा

कोरडा सिमेंट रस्ता किंवा समाजमंदिराचा ओटा घ्या. कीटकनाशकाचं गोल नोझल असलं तं जमिनीच्या दीड फूट वर स्थिर धरून दोन सेकंद मारा. जमिनीवर बांगडी उमटली पाहिजे, मधात कोरडं अन् कडेनं ओलं, सगळीकडून सारखं. ह्यालाच पोकळ शंकू म्हणतात, हॉलो कोन. बांगडी एका बाजूनं जाड अन् एका बाजूनं तुटलेली दिसली की भोक झिजलं किंवा आतली फिरकी घासली. फ्लॅट फॅन असलं तं त्याच उंचीवरून हळूहळू चालत मारा अन् रस्ता वाळताना पाहा, सगळा पट्टा एकाच वेळी सुकला पाहिजे. जी रेघ शेवटपर्यंत ओली राहिली तिथं जास्त पाणी पडून राहिलं. आमच्या गावच्या पोट्ट्यांना हा खेळ लय आवडते.

चौथं, बाटली अन् मोबाईल. इथंच खरं कळते

एक लिटरची मापाची बाटली किंवा कृषी केंद्रातला मापाचा जार घ्या, जो परत घरात जाणार नाही. टाकी भरा, पंप पूर्ण दाबावर आणा, मोबाईलवर एक मिनिट लावा अन् नोझलचं पाणी जारात धरा. तीनदा करा, मधला आकडा घ्या. मंग त्याच जातीचं नवंकोरं नोझल लावून पुन्हा तीनदा. जुन्याचं पाणी नव्यापेक्षा शंभरामागे १० च्या वर जास्त आलं की जुनं नोझल फेकायचं. नुसतं बाजूला ठेवाल तं पोरगं परत लावते, म्हणून मी पक्कडीनं दाबूनच टाकतो.

मागच्या हंगामात आमच्याच गावचे एक काका आले होते. दोन वर्षं जुनं पितळी नोझल, फिरवायचं, म्हणजे टोपी आवळली की धुकं अन् ढिली केली की धार. म्हणे, "दोन औषधं बदलली रे बाबू, तुडतुडा मरून नाही राहिला, वरून पानं जळून राहिले." जार धरला, मिनिटाला १०८० मिली. नवं लावलं, ७२० मिली. म्हणजे दीडपट. एकरी १० पंपाचं वावर १५ पंपावर गेलं होतं अन् प्रत्येक पंपात औषध पहिल्याइतकंच पडत होतं, म्हणजे एकरात दीडपट औषध. तरी तुडतुडा काऊन नाही मरून राहिला? कारण भोक मोठं झालं की थेंब जाड होते, जाड थेंब पानावर टिकत नाही, घरंगळून कडेला जमते, तिथंच पान जळते, अन् खालच्या अंगाला तं पोचतच नाही. काका पाच मिनिट जारातल्या पाण्याकडे पाहत बसले, मंग म्हणाले, "म्हंजे म्या जमिनीलेच पाजलं काय सारं." औषधाच्या दुकानदारासोबत त्यांचं भांडण झालं होतं ते येगळंच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पितळ मऊ असते, त्यातून भुकटीचं औषध अन् गढूळ पाणी गेलं की लवकर घासते. सिरॅमिक अन् स्टीलचं जास्त टिकते. पण कोणतंही असो, हंगामाच्या सुरुवातीला एकदा अन् मधात एकदा जार धराच. दोन किंवा चार नोझलचा बूम, म्हणजे एकाच आडव्या दांड्यावर नोझलांची रांग, असला तं प्रत्येकाचं येगळं मोजा, एकच जुनं अन् बाकी नवे असं करू नका, त्यानंही पट्टे पडतात.

अन् पंपावर मजुरी असली की आणखी एक गोष्ट होते, हे कोणी बोलत नाही. आपल्याकडे बरेच जण फवारणीची मजुरी पंपामागे देतात. पंप लवकर रिकामा झाला तं गड्याचे जास्त पंप होतात, मंग भोक मोठं असलं तं त्याला काय दुःख, एखाद्यानं खिळ्यानं स्वतःच मोठं केलेलंही मी पाहिलं आहे. गड्याला दोष नाही देत, दिवसभर विष पाठीवर वागवते बिचारा. एकरावर मजुरी ठरवा, भोक आपोआप लहान राहते. पण मंग तो पळत मारते, त्याच्यासाठी खाली गुंठ्याचं माप आहे.

पाचवं, बॅटरी

बॅटरी पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. जारवालं माप सकाळी फुल चार्जवर घ्या, अन् सहा-आठ पंप मारून झाल्यावर पुन्हा घ्या. पाणी बरंच कमी आलं असलं तं नोझलचा दोष नाही, बॅटरी थकली. रात्रभर चार्ज करूनही चौथ्या पंपालाच पडत असली तं बॅटरी बदलायची. शिसेवाल्या बॅटरीचा जीव कशानं जाते तं हंगाम संपल्यावर पंप तसाच रिकाम्या चार्जवर आड्याला टांगून ठेवल्यानं, अन् सात-आठ महिन्यांनी मृग लागल्यावर आठवण आल्यानं. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावत जा.

काही पंपांना दाब कमी-जास्त करायचं बटण असते. ते कुठं आहे तिथं ऑईल पेंटनं खूण करा. दर वेळी येगळ्या जागी असलं तं माप घेऊन उपयोग काय. हातदांड्याच्या पंपात दांडा एका चालीनं हलवायचा, मधात बिडी पेटवायला थांबला की दाब पडलाच.

लोकं दाब वाढवून काम भागवायला पाहतात. पाणी दुप्पट पाहिजे असलं तं दाब चौपट लागते, असा त्याचा हिशोब आहे. म्हणून दाब वाढवून पाणी फारसं वाढत नाही, थेंब मात्र बारीक होऊन हवेत उडून जाते. पाणी जास्त पाहिजे तं नोझल बदला, बटण पिळू नका.

सहावं, गुंठ्याचं माप. मेहनत आहे, पण हेच कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचं माप बसवणं

पुस्तकात मोठमोठे फॉर्म्युले आहेत, मला ते पाठ नाहीत. आपल्याकडे गुंठा आहे, ४० गुंठ्यांचा एकर, अन् ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. पऱ्हाटीच्या वावरात मधातला चौरस टेपनं मोजा, चार काड्या रोवा. चार फुटावर तास असले तं त्यात आठ तास येतात. टाकीत साधं पाणी भरून तोंडापाशी एका खुणेला थांबवा. जो गडी खरंच फवारणार आहे त्याच्याच पाठीवर द्या, तुम्ही मारू नका, कारण चाल प्रत्येकाची येगळी. त्याला म्हणा रोज मारते तसंच मार, दोन्ही बाजूनं मारत असशील तं दोन्ही बाजूनं. चौरस झाला की पंप त्याच जागेवर, तसाच सरळ ठेवून खुणेपर्यंत किती पाणी लागते ते जारानं मोजून टाका.

समजा पावणेचार लिटर लागलं. गुणिले ४०, म्हणजे एकरी १५० लिटर. १५ लिटरचा पंप, म्हणजे एकरी १० पंप. आता लेबल वाचा. लेबलवर माप बहुतेक हेक्टरी असते, अडीचनं भागलं की एकरी. समजा हेक्टरी १५० ग्रॅम, म्हणजे एकरी ६० ग्रॅम, भागिले १० पंप, म्हणजे पंपाला ६ ग्रॅम. झालं. अन् दुकानातून सांगतात काय, "पंपाला साडेचार ग्रॅम टाका." तो हिशोब एकरी २०० लिटर पाण्याचा आहे. तुमचे १०च पंप लागले तं वावरात ४५ ग्रॅमच पडलं, पाऊण डोस. दुसऱ्याचे १६ पंप लागले तं ७२ ग्रॅम. दोघंही म्हणतील आम्ही बरोब्बर साडेचारच टाकलं. म्हणून पंपाचा डोस दुसऱ्याला विचारायचा नसते, आपल्या पंपाला अन् आपल्या गड्याला विचारायचा असते. संत्र्यासारख्या झाडांना बऱ्याचदा लिटरमागे माप दिलेलं असते, तिथं हा एकराचा हिशोब लावू नका, लेबलवर आहे तसंच करा. अन् झाकणानं औषध मोजायचं बंद करा, प्रत्येक बाटलीचं झाकण येगळं.

ढोपराएवढ्या पऱ्हाटीचं माप डोक्याएवढ्या पऱ्हाटीला चालत नाही, तेव्हा हंगामात दोन-तीनदा गुंठा मारा. गडी बदलला, नोझल बदललं, तरी पुन्हा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

सातवं, नोझलच चुकीचं असलं तं

वरचं सगळं बरोबर आहे तरी काम होत नाही, तं काम कोणतं अन् नोझल कोणतं ते पाहा. कीटकनाशक, बुरशीनाशक पिकाच्या पानापानात गेलं पाहिजे, त्याला पोकळ शंकूचं बारीक थेंबाचं नोझल. तुडतुडे, पांढरी माशीसाठी लान्सचं तोंड खालून वर वळवून मारायचं. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, ज्याला दुकानात कट नोझल म्हणतात, कारण त्याचे थेंब जाड असतात, उडत नाहीत, अन् पट्टा सपाट पडते. पेरणीनंतर उगवायच्या आधीचं तणनाशक जमिनीवर सारखं पसरलं पाहिजे, त्याला फ्लॅट फॅनच बरं. ते मारताना लान्स झाडूसारखा डावी-उजवीकडे हलवायचा नाही. हलवला की वळणावर डबल डोस अन् मधात कमी. एका उंचीवर धरून सरळ चालायचं, पुढच्या पट्ट्याची कड मागच्यावर थोडी चढवायची, फ्लॅट फॅनच्या कडेला पाणी कमी पडते म्हणून.

फ्लॅट फॅनवर रंग अन् नंबर असतात. पिवळं ०२, निळं ०३, लाल ०४. तीन बार दाबावर पिवळं मिनिटाला साधारण ०.८ लिटर देते, निळं १.२ लिटर. पण पाठीवरच्या पंपाचा दाब तेवढा असेलच असं नाही, अन् साध्या पॅकिंगमधले नोझल कोणत्याही रंगाचे मिळतात, म्हणून रंग पाहून घ्या पण विश्वास जारावर ठेवा.

फिरवायचं पितळी नोझल, काकांवालं, ते माझ्या मतानं फेकूनच द्यावं. अर्धा आटा फिरला की पाणी बदलते, मंग माप कशाचं घ्यायचं. संत्र्याच्या उंच झाडाला कोणी वापरते ते ठीक, पऱ्हाटीत नको.

आता भेंडीच्या पानाची कथा. ही चूक माझ्याच घरची आहे. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या तणाला टू-फोर-डी मारली, पंप दोनदा पाण्यानं हलवून ठेवला, अन् चार-पाच दिवसांनी त्याच पंपानं मीच पऱ्हाटीला कीटकनाशक मारलं. नवी पालवी आली ती बोटं-बोटं. पंप दुरुस्त करणाऱ्याच्याच वावरात, गाव हसायचं तेवढं हसलं. पऱ्हाटी ह्या औषधाला एवढी नाजूक आहे की नळीच्या रबरात मुरलेलंही पुरते, शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आलेलंही पुरते. धुण्याच्या सोड्यानं, नळी-ट्रिगरसकट धुतलं तं बरंच निघते, पण मी आता तणनाशकाचा पंपच येगळा ठेवतो, त्याच्या टाकीवर लाल पट्टा मारलेला. जुना हातदांड्याचा पंप पडला असेल तं त्यालाच तणनाशकाला लावा.

इथं थांबा

गाळणी, वॉशर, नोझल, बॅटरी बदलणं, एवढं घरी करा. बॅटरी फुगली, वायर करपल्याचा वास आला, मोटर चालते पण पाणीच ओढत नाही, किंवा ट्रिगर बंद केल्यावरही मोटर थांबत नाही, तं आतला पडदा किंवा प्रेशर स्विच गेला, ते मेकॅनिकचं काम. पेट्रोलवाला फवारणी पंप अन् एचटीपी (जास्त दाबाचा मोठा) पंप ह्यांचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह घरी आवळू नका, भरल्या दाबावर नळी फुटली तं तोंडावर विष येते. चालू पंपाची नळी कधीच खोलायची नाही, आधी दाब सोडा.

पंप बरोबर, नोझल नवं, गुंठ्याचं माप बरोबर, डोस लेबलप्रमाणे, फवारून आठवडा झाला अन् कीड तशीच, तं आता प्रश्न पंपाचा नाही. दुसरं औषध मिसळायच्या आधी कृषी खात्याच्या गावच्या माणसाला वावरात आणा, किंवा किडलेले पानं-बोंडं पिशवीत घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे. त्यांना पंपाचे आकडे सांगितले की त्यांचंही अर्धं काम होते.

अन् फवारताना डोकं दुखलं, मळमळ झाली, एकदम घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यासमोर अंधुक झालं, हातपाय फडफडले, तं तिथंच थांबायचं, उरलेला पंप संपवू म्हणायचं नाही. वावराच्या बाहेर, कपडे काढून साबणानं अंग धुवा अन् थेट दवाखाना. दूध, ताक, लिंबू पाजत बसू नका. औषधाची बाटली किंवा पुडा, लेबलसकट, सोबत न्या. त्यावर विषाचं नाव अन् उतारा लिहिलेला असते, डॉक्टरला त्याच्यावरूनच पुढचं ठरवता येते. माणूस एकटा वावरात पाठवू नका, हेही त्याच्यासाठीच.

पंप माझ्याकडे आणा की दुसऱ्या कोणाकडे, आणायच्या आधी तीनदा धुऊन, टाकी उपडी करून, वाळवून आणा, अन् शेवटचं कोणतं औषध मारलं ते सांगा. खोलताना त्यात हात आमचा जाते.